फुलं बांधलेला कठडा

कठडा सुटला तेव्हा नातसून त्याला टेकून हसत होती. कॅमेरेवाल्यानं तिला तसं सांगितलं होतं. कठड्याला टेका, मान जरा तिरकी करा आणि हसा. ती बिचारी सांगेल ते करणारी. सातवा महिना, अंगावर हिरवी साडी, डोक्यापासून कमरेपर्यंत फुलांचे दागिने. खाली अंगणात मांडव, आणि मांडवात गावातल्या झाडून साऱ्या बाया माना वर करून बघत होत्या. आमचा जिना घराच्या बाहेरून आहे. ती वरच्या पायऱ्यांवर उभी होती आणि मी तिच्या मागं, एक पायरी वर.

आवाज मोठा झाला नाही. वाळली शेंग फुटावी तेवढाच झाला. मग कठडा झेंडूच्या माळांसकट बाहेरच्या बाजूला कलला आणि त्याच्याबरोबर नातसून. तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, त्याला खबर पोचली नव्हती. मी तिच्या कमरेला हात घातला तर फुलांचा कंबरपट्टा सुटून माझ्या मुठीत आला. फुलं ती फुलंच. तो टाकला, तिचा शेपटा धरला आणि मागं बसकण मारली. ती सगळी माझ्या अंगावर आली. माझा डावा हात दोघींच्या खाली गेला आणि मनगटात उसाचं कांडं मोडावं तसं काहीतरी मोडलं.

कठडा खाली जाऊन पडला तो नेमका टेबलावर. टेबलावर दोन वाट्या झाकून ठेवलेल्या असतात, एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीनं एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्या उडाल्या, टेबल मोडलं, कॅमेरेवाला कॅमेरा पोटाशी धरून केळीच्या खांबाआड पळाला. बाया ओरडायला लागल्या. त्या गोंधळात एक बाई खाली वाकून बघत होती, सांडलंय ते पेढा आहे का बर्फी. मी वरून माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आता हा कठडा ढिला झाला कसा, आणि ढिला आहे हे साऱ्या घराला माहीत असून तसाच राहिला कसा, ते सांगते.

नातसून सांगलीची. नातू परगावी नोकरीला, सणावारालाच घरी येणारा. तिचे आईवडील हळदीचे व्यापारी. लग्नात त्यांनी सागवानी डबलबेड दिला. बेड एवढा मोठा की त्यावर अख्खी पंगत बसावी. नवरा-नवरीची खोली वर, आणि जिना मध्येच वळणारा. बेड वळणावर अडकला. गाडीबरोबर आलेले हमाल म्हणाले, हा खोलून न्यावा लागेल. पण माझा मुलगा फौजेतून सुभेदार होऊन आलेला. तो म्हणाला, "आमी डोंगरावर तोफा चढवल्यात. ह्यो बेड काय घिऊन बसलाय!"

तोफा त्यानं लांबूनच बघितल्या असतील. त्याची सारी नोकरी भांडारात, कांबळी वाटण्यात गेली. पण गावात त्याला हे कोण विचारणार? त्यानं दोर मागवला, दोर कठड्याला गुंडाळला आणि बेड वर ओढायला लावला. एक-दोन-तीन-जोर लगाके. बेड चढला. गावानं टाळ्या वाजवल्या. कठड्याचे लोखंडी पाय मात्र पायऱ्यांतल्या सिमेंटमधून उखडून आले. त्या दिवसापासून त्याला हात लावला की म्हातारीची दाढ हलावी तसा तो हलायचा.

मी म्हटलं, "वेल्डरला बोलव."

"लग्नाची गडबड तर मिटू दे," मुलगा म्हणाला.

लग्नाची गडबड मिटली, पूजा झाली, गोंधळ झाला, आणि मग नातसुनेला दिवस गेले. झालं. आता कठड्याला कुणी हात लावायचा नाही. घरात पोटुशी बाई असली की घरात ठोकठोक करायची नाही, भिंतीला भोक पाडायचं नाही, खिळा मारायचा नाही. पोटातल्या बाळाला व्यंग येतं म्हणे. ही गोष्ट मलाही लहानपणापासून ठाऊक आहे, पण आमच्यात ती सवडीनं पाळायची गोष्ट होती. माझी सून बी.ए. झालेली. तिनं मोबाईलवर एका बाईचं बोलणं ऐकलं होतं. ती बाई म्हणत होती की ठोकण्याच्या लहरी गर्भापर्यंत जातात. मग काय, शास्त्रच झालं.

मी मुलाला समोर बसवलं. म्हटलं, "तू माझ्या पोटात हुतास तवा तुझा आजा जुनं घर बांधत हुता. पहारीनं दगड फुटत हुतं आणि मी डोक्यावरनं घमेली व्हात हुते. आठवा महिना हुता मला."

"आगं आये, तवाची गोष्ट येगळी हुती."

"काय येगळी? तवा पोटं येगळी हुती?"

तो उठून गेला. तेव्हा बोलायचं राहिलं ते इथं लिहिते. तेव्हा माझ्या सासूचं म्हणणं असं की काम केल्यानं बाळंतपण सोपं जातं. पहारीच्या आवाजानं बाळाला काही होतं असं तिनं एकदाही काढलं नाही, कारण गवंड्याला माल पुरवणारे फुकटचे हात माझेच होते. सुनेच्या हातांची गरज संपली, घरात चार पैसे आले, की मग तिच्या पोटाची काळजी सुरू होते. बरं, त्या घमेल्यांखालून जन्मलेला हा सुभेदार. त्याचे दोन्ही कान जागेवर आहेत. ऐकू मात्र त्याला हवं तेवढंच येतं.

शेवटी मीच कोरेगावहून वेल्डर बोलावला. मुलगा साताऱ्याला गेला होता, सून महिला मंडळात. वेल्डर मोटारसायकलवर मशीन बांधून आला. कठडा हलवून बघितला, म्हणाला, "आज्जी, तासाभराचं काम हाय." वायर सोडली, मशीन लावलं. तेवढ्यात नातसून त्याला पाणी घेऊन बाहेर आली.

वेल्डरनं तांब्या घेतला आणि तिच्याकडं बघतच राहिला. ती आत गेल्यावर मला हळूच म्हणाला, "आज्जी, ताई पोटुशी हायत काय?"

"न्हाई, हरभऱ्याची डाळ जास्त झालीया."

त्यानं वायर गुंडाळायला घेतली.

"आरं, काय झालं?"

"न्हाई आज्जी, आमी पोटुशीच्या घरात ठोकत न्हाई. उद्या काय झालं तर गाव म्हणंल, ह्यानं केलं."

"आणि कठडा पडून तिला काय झालं तर?"

"त्यो देवाच्या मर्जीनं पडंल. माझ्या ड्रिलनं न्हाई."

असं उत्तर वकिलालाही सुचलं नसतं. जाताना त्यानं तोड सांगितली. पोटुशी बाईला चार दिवस दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा, घर मोकळं झालं की आपण येऊन काम करू. पाणी प्याला, चहाही प्याला आणि गेला.

तोड वाईट नव्हती. माझ्या भाचीचं घर मलकापूरला आहे, तिथं पोरगी चार दिवस आनंदानं राहिली असती. पण सुनेनं हे सांगलीला फोन करून विचारलं. तिच्या विहिणीला, म्हणजे नातसुनेच्या आईला. फोन मोठ्यानं लावलेला, त्यामुळं सारं घर ऐकत होतं.

"म्हणजे माझ्या मुलीला तुम्ही घराबाहेर काढताय? पोटुशी असताना?"

"आवं, काढतंय कोण? कठडा नीट करायचाय," मीच मध्ये म्हटलं.

"आजी, लोक काय म्हणतील?"

"मग तुमच्याकडंच न्या की तिला आत्ता."

"आत्ता कशी नेऊ? सातव्यात ओटी भरूनच नेतात. रीत आहे आमच्यात."

"मग ती खाली माझ्या खोलीत झोपू दे. जिनाच चढायला नको."

यावर फोनमधून जो आवाज आला तो सांगलीहून बिनफोनचाही ऐकू आला असता. "अहो आजी, आम्ही सागवानी बेड दिला तो काय कोंबड्यांसाठी?"

म्हणजे असं बघा. पोरीला बाहेर पाठवावं तर तिच्या आईची नाचक्की. माहेरी न्यावं तर रीत मोडते. खाली झोपवावं तर बेडचा अपमान. कठडा ठोकावा तर बाळाला व्यंग. राहिलं काय? पोरीनं रोज त्या जिन्यावरून चढायचं आणि उतरायचं. तेवढ्याला कुणाची हरकत नव्हती.

मुलगा साताऱ्याहून आला. वेल्डरचं कळल्यावर माझ्यावर चिडला, आणि मग स्वतःचा उपाय काढला. जनावरं बांधायचा निळा नायलॉनचा दोर आणला, कठडा खिडकीच्या गजाला आवळला आणि हात झटकत म्हणाला, "फौजी गाठ हाय. माणूस मेला तरी सुटायची न्हाई."

मी म्हटलं, "माणूस मरायचीच वाट बघतोयस जणू."

दोरानं कठडा जरा थांबला, हे कबूल. पण नातसून त्याला हात लावत नव्हती. ती भिंतीकडून उतरायची, तळवा भिंतीला घासत, पाऊल चाचपत. पोट पुढं आल्यावर तिला स्वतःची पावलं दिसायची बंद झाली होती. एकदा मी खाली उभी होते, ती मध्येच थांबली. घामानं कपाळ ओलं.

"काय गं?"

"काही नाही आज्जी." मग उतरून जवळ आली आणि म्हणाली, "मला भीती वाटते या जिन्याची. पण मम्मींना सांगू नका. त्या म्हणतील, पोरगी नाटकं करते."

मम्मी म्हणजे माझी सून. मी काही सांगितलं नाही. सांगून उपयोग होणार असता तर वेल्डरच्याच वेळी झाला असता. त्या दिवसापासून ती जिना चढायला लागली की मी मागं आणि उतरायला लागली की मी पुढं. गुडघे माझे असे की एकेक पायरीला देवाचं नाव घ्यावं लागतं. सून म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीच पडाल." मी म्हटलं, "मी पडले तर तेराव्याला जेवण घालाल. ती पडली तर काय घालाल?"

सून आठवडाभर बोलली नाही. शांतता बरी वाटली.

मग डोहाळजेवण ठरलं. ते झालं की सांगलीची माणसं तिला घेऊन जाणार. मला वाटलं, चला, एवढा दिवस निभावला की सुटलो. आमच्या वेळी डोहाळजेवण म्हणजे पाच बाया, ओटी आणि गोडाचं जेवण. आता मांडववाला येतो, फुलवाला येतो, कॅमेरेवाला येतो आणि पोटुशी बाईला कधी झोपाळ्यावर बसव, कधी होडीत बसव, कधी हातात धनुष्यबाण दे, असं दिवसभर फिरवतात. सात महिन्यांत तिला कुणी खुर्ची पुढं केली नसेल, त्या दिवशी चंदेरी चंद्र केला होता थर्माकोलचा, बसायला.

आणि कुणाला तरी सुचलं की जिना सजवायचा. कठडाभर झेंडू आणि शेवंतीच्या माळा सोडल्या. दिसत होता छान, खोटं का बोलू. पण माळांतून तो निळा दोर दिसत होता. माझ्या सुनेनं खालून बघितलं, नाक मुरडलं आणि फुलवाल्याला म्हणाली, "तो दोर काढा हो. फोटोत गोठ्यासारखं दिसतंय." त्यानं गाठ सोडायचा प्रयत्न केला. फौजी गाठ काही सुटली नाही, त्यामुळं विळ्यानं कापली. हे मला नंतर कळलं. मी तेव्हा आत नातसुनेच्या निऱ्या करत होते. आधी कळलं असतं तर त्या विळ्यानं मी दुसरंच काही कापलं असतं.

नातसुनेला वरून खाली आणायचं ठरलं. ती येताना वरून फुलं पडणार, गाणं लागणार, आणि हे सगळं कॅमेरेवाला खालून टिपणार. मी तिच्या मागं निघाले.

"आजी, तुमी फोटोत येताय. जरा बाजूला व्हा."

"येऊ दे की. म्हातारीनं काय घाण हुतीया का?"

"तसं न्हवं आजी. फ्रेममधे फक्त वहिनी पायजेत."

मांडवातून सून हात हलवत होती, मागं व्हा, मागं व्हा. सांगलीची विहीण मान हलवत होती. मी एक पायरी वर सरकले. एकच. त्याहून मागं गेले नाही.

"वहिनी, कठड्याला टेका. आणखी. अस्सं. आता हसा."

फुलांखाली दोर आहे, याच भरवशावर आम्ही दोघी होतो. पुढचं सुरुवातीला सांगितलंय.

मुलगा जिना चढून येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसलो होतो, ती माझ्या मांडीत. तिचा शेपटा माझ्या उजव्या मुठीत होता आणि मूठ उघडत नव्हती. ती रडत नव्हती. पोटावर हात ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हलत नाहीये आज्जी, हलत नाहीये." मी म्हटलं, "ती बी घाबरलीया. जरा दम धर." पोटात मुलगी आहे हे मला ठाऊक नव्हतं. तोंडात आलं ते बोलले.

साताऱ्याच्या दवाखान्यात तिला आत घेतलं. मी दाराशी लोंबता हात धरून बसले. मुलाला वाटलं मला आधी दाखवावं. मी म्हटलं, माझं हाड कुठं पळत नाही. बराच वेळ आतून काहीच आवाज नाही. मग मशीन लावलं आणि विहिरीवरचं इंजिन सुरू व्हावं तशी पट्पट्पट् धडधड बाहेरपर्यंत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ ठीक आहे. तेव्हा कुठं माझा हात दुखायला लागला.

बाहेर बाकावर माझा मुलगा डोळे पुसत बसला होता. मला वाटलं, आता म्हणेल, आये, तुझं ऐकायला पायजे हुतं. तो म्हणाला, "बघ आये. आपुन काय ठोकलं न्हाई, रीत पाळली, म्हणून वाचली पोर."

 उजव्या हातात मोडका डावा धरलेला होता म्हणून, नाहीतर तिथंच एक ठेवून दिली असती.

नातसुनेला दवाखान्यातूनच परस्पर सांगलीला नेलं. दोन-चार दिवसांनी मी एका हातानं वेल्डरला फोन लावला. मुलगा मध्ये पडला. ती बाळंत होईपर्यंत नको म्हणाला.

"आरं, ती सांगलीत, कठडा हितं. हितनं आवाज सांगलीपत्तूर जातोय व्हय?"

"तसं न्हवं, पण घर तर तिचंच हाय न्हवं का?"

वेल्डरही दारात उभा राहून अंदाज घेत होता. "आज्जी, घरात आता कोन पोटुशी न्हाई न्हवं?"

"सून मंडळात गेलीया, मी एकटीच बाई हाय आत. बघ चाचपून."

तो हसला आणि कामाला लागला. पायऱ्यांत खोल भोकं पाडली, जाड बोल्ट ठोकले, वर सिमेंट भरलं, कठड्याचे पाय त्याला जोडले. माझा सुभेदार अंगणाच्या पार टोकाला उभा होता आणि दर ड्रिलला सांगलीला फोन करून विचारत होता, सगळं ठीक हाय न्हवं? तिकडं नातसून आंबा खात बसली होती. काम झाल्यावर मी पायरीवर बसून कठड्याला दोन्ही पायांनी रेटून बघितलं. हलला नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हे झालं असतं तर मला डाव्या हातानं भाकरी थापता आली असती. आता मनगट वाकडं बसलंय, भाकरी एका बाजूला जाड होते. मुलगा खातो गुपचूप.

बारसं सांगलीला झालं. मला पुढं खुर्ची दिली होती, आणि बाया पाळण्याभोवती ती जिन्याची गोष्ट सांगत होत्या. विहीण म्हणाली, मी गणपतीला दुर्वांची जुडी बोलले होते, त्यानं तारलं. माझी सून म्हणाली, आमच्यात सगळे नियम पाळले होते हो, एक खिळासुद्धा ठोकू दिला नाही. एक बाई म्हणाली, कॅमेरेवाला वेळेवर ओरडला म्हणून. तो ओरडला होता, पण त्याच्या कॅमेऱ्यासाठी. सुभेदार कोपऱ्यात पाहुण्यांना सांगत होता की फौजेत असा प्रसंग आला की डोकं शांत ठेवावं लागतं.

मला कुणी विचारलं नाही, आणि मी काही सांगायला गेले नाही. कठडा गेला तेव्हा त्या जिन्यावर यातलं कुणीच नव्हतं. नातसून होती, तिच्या पोटात ही पोरगी होती आणि मी होते. आम्ही तिघी जिवंत आहोत.